स्फोटाला वाट देणाऱ्या भिंती

ओअरच्या रानात एक पडकी इमारत पाहून झाली की दुसरी दिसेपर्यंत बरंच चालावं लागतं. मधे दाट झाडी, मधे कालवा, मधे मातीचा उंच बांध. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, मधल्या इमारती काळाच्या ओघात पडल्या असतील. तसं नाही. तिथे कधीच काही नव्हतं. एक इमारत उडाली तर तिच्या शेजारची वाचावी, म्हणून ती जागा मुद्दाम मोकळी राखलेली आहे. किल्ला पाहताना आपण तट, बुरूज, वाडे मोजतो. बंदुकीच्या दारूचा कारखाना पाहताना आधी ही मोकळी जागा पाहावी लागते.

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केंट परगण्यात फॅव्हर्शम नावाचं जुनं बंदराचं गाव आहे. सोळाव्या शतकापासून १९३४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे वर्षं, या गावाच्या आसपास स्फोटकं बनत होती. आधी बंदुकीची काळी दारू, मग गनकॉटन, मग पहिल्या महायुद्धात टीएनटी भरलेले तोफगोळे. गावाला लागून होता तो होम वर्क्स, खाडीजवळच्या दलदलीतला मार्श वर्क्स, आणि थोडं बाजूला ओअर वर्क्स. या तिघांशिवाय त्यांच्याही पलीकडे, स्वेल नावाच्या खाडीच्या काठावर, अपलीज इथे नंतरच्या काळातले दोन मोठे कारखाने होते. होम वर्क्सच्या बहुतेक जागेवर आज घरं आहेत. मार्श वर्क्सच्या जागेवर पुढे खडी-वाळू काढण्याचा धंदा आला. ओअरला मात्र झाडं वाढली, आणि झाडांनीच अवशेष राखले. २००५ पासून ते सगळ्यांना फिरण्यासाठी खुलं रान आहे.

मी केंटमध्येच राहते. तरी हे अवशेष मला खऱ्या अर्थाने दिसले ते बाबांमुळे. बाबांची सगळी नोकरी खडकीच्या हाय एक्सप्लोझिव्हज फॅक्टरीत गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये सुरू झालेला हा कारखाना. त्याच्या शेजारची अॅम्युनिशन फॅक्टरी तर १८६९ची. आमचं लहानपण भोंग्यावर चालायचं. बाबा काय काम करतात हे आम्हाला नीटसं ठाऊक नव्हतं, कारण ते घरी बोलत नसत. पण त्यांच्या सवयी ठाऊक होत्या. ते खिशात काडेपेटी ठेवत नसत. घरात कुठेही रिकामी पोती किंवा कागदाचा ढीग साठू देत नसत. आणि कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघायचे. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना कॅंटरबरीचं कॅथीड्रल दाखवलं, डोव्हरचे पांढरे कडे दाखवले. ते सगळं त्यांनी सौजन्याने पाहिलं. ओअरला मात्र फाटकातून आत शिरल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "अगं, हे तर आमचंच आहे."

एका इमारतीपाशी आम्ही बराच वेळ होतो. तीन बाजूंच्या भिंती विटांच्या, अतिशय जाड. चौथी बाजू पूर्ण उघडी, आणि छप्पर नाही. मी म्हटलं, पडलं असणार. बाबा म्हणाले, "पडायला मुळात जड असं काही नसेलच. फळ्या असतील, वर हलकं छप्पर असेल. आता बघ, उघडी बाजू कुठे तोंड करून आहे? पाण्याकडे. माणसं जिथून येतात तिकडे नाही." मग त्यांनी हाताने दाखवलं: स्फोट झाला की तो तीन जाड भिंतींना धडकतो, त्या त्याला अडवतात, आणि वर आणि समोर त्याला सहज वाट मिळते. पूर्ण बंद, भक्कम खोली बांधली तर तिच्याच विटा गोळ्यांसारख्या चारी दिशांना सुटतील. म्हणून अशा इमारतीत एक बाजू दुबळीच ठेवतात, आणि ती कुठे ठेवायची हा बांधणाऱ्याचा पहिला निर्णय असतो. मातीचे बांध, दाट लावलेली झाडं, रुंद कालवे हे सगळं त्याच हिशोबातलं. धक्क्याचा आणि उडणाऱ्या तुकड्यांचा जोर त्यांनी खायचा.

हे समजायचं तर दारू कशी बनते ते थोडं पाहायला हवं. कृती तीन जिनसांची: साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. कोळसा जळतो, गंधक आग लवकर पकडतो, आणि सोरा जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःतून पुरवतो. म्हणूनच ही दारू बंद नळीत, हवेशिवायही पेटते. कोळशासाठी आल्डर आणि वाळुंज अशी पाणथळ जागी वाढणारी हलक्या लाकडाची झाडं चालत. ती आसपासच लावलेली असत आणि त्यांच्याच वंशातली झाडं आज ओअरला पाण्याकाठी उभी दिसतात. गंधक ज्वालामुखीच्या प्रदेशातून, मुख्यतः सिसिलीतून, यायचा.

आणि सोरा यायचा आपल्याकडून. फॅव्हर्शमच्या गोष्टीत हिंदुस्थान असा पायाशीच येतो. बिहारमध्ये, पाटणा-छपऱ्याच्या भागात, नोनिया समाजाची माणसं गोठ्यांच्या आणि वस्तीच्या आसपासची खारट माती खरवडायची, ती पाण्यात विरघळवून गाळायची, ते पाणी आटवून कच्च्या सोऱ्याचे खडे काढायची. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तो सोरा तळाशी वजन म्हणूनही नेत, म्हणजे मालही जाई आणि जहाजही स्थिर राही. १६९३ च्या सनदेत तर कंपनीवर अटच घातली होती की तिने दरवर्षी ५०० टन सोरा सरकारच्या दारूगोळा खात्याला द्यावा. युरोपात इतका सोरा सहज मिळत नसे. अठराव्या शतकात इंग्लंडने जी युद्धं लढली, त्यांच्या मुळाशी बिहारमधल्या माती खरवडणाऱ्यांचे हात आहेत. फॅव्हर्शमचा होम वर्क्स १७५९ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि पुढे ट्रफाल्गर आणि वॉटर्लूपर्यंत इथली दारू नौदलाला आणि सैन्याला पुरत राहिली. इंग्रजी माहितीफलकांवर ट्रफाल्गर मोठ्या अक्षरांत असतं. नोनियांचं नाव मी शोधत राहते.

तिन्ही जिनसा नुसत्या मिसळून भागत नाही. त्या तासन्‌तास एकमेकांत रगडाव्या लागतात. गावातल्या चार्ट मिल्समध्ये हे रगडण्याचं यंत्र अजून बघायला मिळतं. पाण्याच्या चाकावर चालणारी, उभी फिरणारी दोन जड दगडी चाकं, गोल बैठकीवर. राजगड-सिंहगड हिंडलेल्या कुणालाही ते बघताच चुन्याची घाणी आठवेल. माल ओलसर ठेवायचा, कारण कोरडा झाला की घर्षणाने पेटू शकतो. ब्रिटिश पार्लमेंटने १७७२ च्या कायद्याने अशा एका जोडीखाली एका वेळी ४० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १८ किलोंपेक्षा, जास्त माल घालायला बंदी केली. हा आकडा महत्त्वाचा आहे. स्फोट होणारच नाही असं त्या कायद्यात कुणी गृहीत धरलं नाही. झालाच तर तो १८ किलोंचा व्हावा, एवढंच पाहिलं.

पुढच्या पायऱ्या अधिक धोक्याच्या. रगडलेला माल दाबून त्याच्या वड्या करायच्या. मग त्या फोडून दाणे पाडायचे, दाणे पिंपात फिरवून गुळगुळीत करायचे, वाळवायचे, चाळायचे. दाणे पाडण्याच्या आणि चाळण्याच्या घरात बारीक धूळ उडते आणि ती सगळ्यांत वाईट. १७८१ मध्ये गावाजवळच्या अशाच घरात प्रचंड स्फोट झाला. तीन कामगार गेले, गावातल्या घरांची मोडतोड झाली. त्यानंतर सरकारने ठरवलं की धोक्याच्या पायऱ्या गावात नकोत, आणि त्याच दशकात दलदलीत मार्श वर्क्स उभा राहिला. म्हणजे आज नकाशावर हे कारखाने असे लांब लांब पसरलेले दिसतात, ते एका अपघाताने आखून दिलेलं अंतर आहे.

एका घरातून दुसऱ्या घरात माल न्यायचा कसा? गाडीची चाकं दगडावर घासली तर ठिणगी. म्हणून कालवे. सपाट तळाच्या लहान नावांतून पिंपं हळूहळू ढकलत न्यायची. ओअरला हिंडताना वाटतं की किती सुंदर पाणी आहे, बदकं आहेत. ते पाणी दोन कामं करत होतं, चाकं फिरवत होतं आणि माल वाहत होतं. लोखंड शक्य तिथे वर्ज्य. हत्यारं तांब्याची, लाकडाची, चामड्याची. पिंपांची कडीसुद्धा लाकडाची किंवा तांब्याची. बुटांना खिळे नाहीत, कपड्यांना खिसे नाहीत. दारात एक आडवी फळी असे. तिच्या अलीकडे बाहेरचे बूट काढायचे, पाय जमिनीला न टेकवता पलीकडे टाकायचा आणि आतले बूट घालायचे. बाहेरच्या वाळूचा कण आत जाता कामा नये. हे मी बाबांना फलकावरून वाचून दाखवत होते आणि पुढचं वाक्य ते माझ्याआधी पुरं करत होते. खडकीलाही फळी होती.

"नियम म्हटलं की लोकांना वाटतं साहेबांनी काढलेला," बाबा म्हणाले. "प्रत्येक नियमाच्या मागे एक माणूस असतो. कुणी तरी खिळ्याचे बूट घालून आत गेलेला असतो."

ते खरं आहे. गनकॉटनचंच घ्या. १८४६ मध्ये शोनबाइन या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार स्फोटक शोधल्याचं जाहीर केलं. लगेचच फॅव्हर्शममध्ये जॉन हॉल यांच्या कंपनीने त्याचे हक्क घेऊन मार्श वर्क्समध्ये उत्पादन सुरू केलं, जगातलं पहिलं. १४ जुलै १८४७ रोजी तो कारखाना उडाला. १८ माणसं गेली, आणि त्यांतल्या दहांचेच देह ओळखता आले. कापसाच्या तंतूंमध्ये अडकून राहणारं आम्ल पुरतं धुऊन निघत नाही आणि त्याने माल आपोआप बिघडत, तापत जातो, हे तेव्हा कुणाला नीट कळलेलं नव्हतं. कारखाना बंद झाला. ते कसं धुवायचं हे कळायला पुढे अनेक वर्षं गेली. मग १८७३ मध्ये अपलीजला कॉटन पावडर कंपनी आली.

आपल्याकडेही हे भय जुनं आहे. सिंहगडावर पुणे दरवाज्याने वर गेलं की उजवीकडे दगडी दारूकोठार आहे. सप्टेंबर १७५१ मध्ये त्याच्यावर वीज पडली आणि फडणिसांचं घर माणसांसकट गेलं. गडावर भजी-पिठलं खायला जाणाऱ्या किती जणांचं त्या इमारतीकडे लक्ष जातं? मी शाळेत असताना कितीदा तरी तिच्यासमोरून गेले.

अपलीजला मात्र ओअरसारखी सावली नाही. हार्टीच्या जुन्या तरीच्या धक्क्यापासून समुद्राच्या बांधावरून पायवाट जाते. एका बाजूला खाडी आणि पलीकडे शेपी बेट, दुसऱ्या बाजूला सपाट कुरण. मेंढ्या चरतात. गवतात काँक्रीटचे चौथरे, विटांचे तुकडे, आणि जमिनीला उगाच आलेले वाटावेत असे मातीचे चौकोनी उंचवटे. ते इमारतींभोवतीचे बांध. जमीन खासगी आहे, म्हणून पायवाट सोडून आत जायचं नाही. बांधावरून जे दिसतं ते पुरेसं आहे.

कॉटन पावडर कंपनीच्या शेजारी इथे एक्सप्लोझिव्हज लोडिंग कंपनी होती. महायुद्धात तोफगोळ्यांचा इतका तुटवडा पडला की १९१५ मध्ये त्यावरून इंग्लंडचं राजकारण हललं. गोळे भरण्याचं काम रात्रंदिवस सुरू झालं. टीएनटी कमी पडे म्हणून त्यात अमोनियम नायट्रेट मिसळून अॅमटॉल नावाचं मिश्रण भरत. टीएनटी पिवळसर पदार्थ, ८० अंशांच्या आसपास वितळतो, हातोडा मारला तरी सहसा उडत नाही. तो इतका शांत समजला जाई की ब्रिटनच्या १८७५ च्या स्फोटक कायद्यातून त्याला सूट होती. काळ्या दारूसाठी दोनशे वर्षांत जे अंतराचे आणि वजनाचे नियम रक्त सांडून शिकले होते, ते या नव्या पदार्थाला लागू नव्हते.

रविवार, २ एप्रिल १९१६. ओल्या महिन्यानंतर हवा कोरडी आणि छान झाली होती. टीएनटी आणि अमोनियम नायट्रेट साठवलेल्या एका इमारतीला टेकून टीएनटीच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. दुपारी बाराच्या सुमारास त्याने पेट घेतला, बहुधा जवळच्या बॉयलरच्या धुराड्यातून आलेल्या ठिणगीने. आत सुमारे १५ टन टीएनटी आणि १५० टन अमोनियम नायट्रेट. माणसं पळून गेली नाहीत. कारखान्याचं स्वतःचं अग्निशामक पथक होतं, शेजारच्या कारखान्याची माणसं धावून आली. बादल्यांनी पाणी मारत होती, माल बाहेर काढत होती. दोन तास. दोन वाजून वीस मिनिटांनी ते सगळं उडालं आणि पाठोपाठ आजूबाजूच्या इमारती उडाल्या. जमिनीत ४० यार्ड रुंद आणि २० फूट खोल खड्डा पडला. थेम्सच्या मुखापलीकडच्या साउथएंडमध्ये खिडक्या फुटल्या, आवाज नॉर्विचपर्यंत गेला. १०८ माणसं मेली. सगळे पुरुष आणि मुलगे; रविवार असल्यामुळे बायका कामावर नव्हत्या.

युद्ध चालू असल्यामुळे स्थानिक वर्तमानपत्राने महिनाअखेरपर्यंत त्यावर अक्षर छापलं नाही. चौकशी गृहखात्याचे स्फोटक-निरीक्षक मेजर कूपर-की यांनी केली. गावातल्या लव्ह लेन दफनभूमीत सत्तरहून अधिक जणांची एकत्र कबर आहे, लांब, हिरवळीची, मधे दगडी क्रूस. काही दगडांवर नाव आहे, काहींवर ओळख पटली नाही असं आहे.

त्या कबरीपाशी बाबा मला जे बोलले ते मी लिहून ठेवलं आहे. ते म्हणाले, "आगीची कारणं चौकशीत सापडतात. पण ती पोती तिथे का होती, हे कुणी विचारलं? उचलायला माणूस नसणार. माणूस नसणार कारण सगळे गोळे भरायला लावलेले. तगादा वाढला की पहिल्यांदा झाडलोट मागे पडते." घरात रिकामं पोतं का टिकत नसे, ते मला तिथे कळलं.

म्हणून मला या अवशेषांकडे 'झाडांनी गिळलेली गूढ ठिकाणं' म्हणून बघणं पटत नाही. असे पुष्कळ फोटो निघतात: वेलींनी वेढलेली कमान, शेवाळलेलं पाणी, धुक्यातली भिंत. ओअर सुंदर आहे, मीही फोटो काढले आहेत. पण इथली प्रत्येक वीट काही तरी सांगायला बसवलेली आहे आणि ती वाचता येते. भिंत कुठे जाड आहे, कुठे नाही. दार कुणीकडे आहे. पुढची इमारत किती लांब. ओअरला हे अंतर आहे. अपलीजला युद्धाच्या तगाद्यात ते अपुरं पडलं. ओअरच्या रानातून सरळ अपलीजच्या कुरणात चालत गेलं, तर हा फरक पायांना कळतो.

१९३४ मध्ये फॅव्हर्शमचे तिन्ही जुने कारखाने बंद झाले. तेव्हा ते आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीच्या मालकीचे होते. दुसरं युद्ध येणार असं दिसत होतं, आणि केंटचा हा किनारा शत्रूच्या विमानांच्या आणि स्वारीच्या वाटेवरचा. म्हणून यंत्रं आणि काही कामगार स्कॉटलंडला, आल्फ्रेड नोबेलने १८७० च्या दशकात वाळूच्या टेकड्यांत उभारलेल्या आर्डीरच्या कारखान्यात हलवले. त्यानंतर इथे तीस वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. १९६६ मध्ये होम वर्क्सच्या जागेवर घरं बांधताना चार्ट मिल्सही पाडायच्या बेतात होते, तेव्हा फॅव्हर्शम सोसायटी या गावकऱ्यांच्या संस्थेने ती वाचवली आणि दुरुस्त केली. आज अशा प्रकारची ती जगातली सर्वांत जुनी गिरणी मानली जाते. सरकारी वारसा खात्याच्या आधी गावाला कळलं की हे आपलं आहे.

लंडनहून फॅव्हर्शमला रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. चार्ट मिल्स स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. ती स्वयंसेवक उघडतात, तेव्हा वेळ आधी पाहून जावं. आधी ती बघा, म्हणजे ओअरला पडलेल्या दगडी चाकांचा अर्थ लागेल. तिथून ओअर आणि मग अपलीजचा बांध, असा एक पूर्ण दिवस ठेवा. पावसानंतर कालव्यांच्या कडेला घसरतं. आणि मुलांना घेऊन गेलात तर त्यांना इमारतींमधली पावलं मोजायला लावा. बाबांनी माझ्या मुलीला लावली होती, आणि तिने फॅव्हर्शमबद्दल शाळेत लिहिलेल्या निबंधात कारखान्याच्या आधी ती पावलंच लिहिली.